देवाचं करा, गोळी चालू ठेवा : सोलापूर जिल्ह्यातल्या देवस्थानांना आणि दर्ग्यांना खुले पत्र

सन्माननीय विश्वस्त, पुजारी, मुजावर, आराधी आणि देवऋषी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात पूर्व भागात दवाखाना चालवतो. साधा फॅमिली डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार, चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले म्हातारे, हे माझे पेशंट. तुमचे भाविक आणि माझे पेशंट ही पुष्कळदा एकच माणसं असतात. अमावास्येला ती तुमच्या दारात असतात, दोन दिवसांनी माझ्या. तुमच्याबद्दल ती मला सांगतात, माझ्याबद्दल तुम्हाला सांगत असतीलच. आपण मात्र एकमेकांशी कधी बोललेलो नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

मागणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा डॉक्टर आपल्याला कुठे नेतोय अशी शंका राहायला नको. तुमच्याकडे आलेल्या माणसाला डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगू नका. आणि तुमच्या आवारात महिन्यातून एखादा दिवस मानसोपचारतज्ज्ञाला बसायला खोली, टेबल आणि पंखा द्या. तुमच्या अंगाऱ्याला, ताईताला, आरतीला मी हात लावत नाही.

हे पत्र अंधश्रद्धा निर्मूलनाचं नाही. ते काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कामाची किंमत जिवाने मोजली आहे. पण दवाखान्यातला अनुभव वेगळा आहे. समोर बसलेल्या आईला 'बाहेरचं वगैरे काही नसतं' एवढंच सांगितलं, तर ती मान हलवते, चिठ्ठी घेते आणि परत येत नाही. इथे कुणी मराठीत बाहेरचं म्हणतं, कुणी कन्नडमध्ये देव्वा, कुणी तेलुगूत दय्यम, कुणी उर्दूत आसेब. चारही घरांतली आई सारखीच रडते आणि चारही घरं आधी तुमच्याकडे येतात. पहिलं दार तुमचं आहे. ते मान्य करूनच पुढचं लिहितो.

अंगात येण्याबद्दल आमच्या शास्त्राचा पूर्वीचा तोरा आता राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अंगात येण्याच्या विकाराची वेगळी नोंद आहे, पण अटही तिथेच घातली आहे. जे अंगात येणं त्या त्या समाजाच्या धर्मरीतीत बसतं, ते विकार धरायचं नाही. मनाविरुद्ध, रीतीबाहेर, पुन्हा पुन्हा येऊ लागलं, त्याने माणूस त्रासला, त्याचं घर आणि काम बिघडलं, तरच तो विकार. नवरात्रात संबळ वाजला की जिच्या अंगात देवीचं वारं येतं, जी घटकाभर घुमते, पाणी पिऊन शांत होते आणि संध्याकाळी घरच्यांच्या भाकरी थापते, ती आमच्या पुस्तकाप्रमाणे आजारी नाही. संबळ थांबल्यावर ते थांबतं, ही तिची तब्येत ठीक असल्याची खूण. आजार वाद्याचं ऐकत नाही.

शरीरात काय घडतं याचा थोडाफार उलगडा झाला आहे. एका लयीतला ठोका, गर्दी, रिकामं पोट, कापराचा धूर आणि भराभर चालणारा श्वास. श्वास फार जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हातापायांना मुंग्या येतात, बोटं ताठ होऊन वाकतात, डोकं हलकं होतं. स्टानिस्लाव ग्रोफ नावाच्या, मूळच्या झेकोस्लोव्हाकियातल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात नेमका हाच भराभर श्वास आणि मोठ्या आवाजातलं संगीत घेऊन एक उपचारपद्धत उभी केली. त्याआधी तो एलएसडी हे भास घडवणारं रसायन देऊन उपचार करायचा, त्यावर बंदी आली. तिकडे लोक पैसे भरून गादीवर आडवे होतात, रडतात, ओरडतात, मोकळे होतात. आपल्याकडे ते उभ्याने आणि फुकटात होतं. ग्रोफचे सगळे दावे शास्त्राच्या कसोटीवर उतरलेले नाहीत, आणि मला ते सगळे पटतही नाहीत. पण त्याने आणि त्याची पत्नी क्रिस्टिनाने एक गोष्ट लावून धरली. वेड लागल्यासारखं दिसणारं काही माणसांचं मोडून पडणं हे त्यांच्या आध्यात्मिक आयुष्यातलं वळण असू शकतं, तिथे घाईने शिक्का मारू नये, अशी. १९९४ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने आपल्या यादीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी नोंद घातली. रोगांच्या रकान्यात नव्हे, डॉक्टरने लक्ष द्यायच्या इतर बाबींच्या रकान्यात.

कॅलिफोर्नियाला तरी कशाला जायचं? आपल्या गावाचं दैवत सिद्धरामेश्वर घ्या. बाराव्या शतकातलं सोन्नलगी, म्हणजे आजचं सोलापूर. फारसं न बोलणारं, घरच्यांनी मंद ठरवलेलं एक पोर रानात गुरं राखतंय. त्याला मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, भेटतो, हुरडा मागतो, मग दहीभात मागतो. पोर घरी धावतं, भात घेऊन येतं, तर मल्लय्या नाही. दुसऱ्या कुणी त्याला पाहिलेलंच नाही. पोर हाका मारत, रडत श्रीशैलची वाट धरतं. तिथेही देव दिसेना, तेव्हा कड्यावरून उडी टाकायला निघतं, आणि मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो. पुढे तोच मुलगा तलाव खणून घेतो, अडुसष्ट लिंगं स्थापतो, आणि शिवशरण अल्लमप्रभूंची भेट झाल्यावर बसवण्णांच्या कल्याणला जातो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढे चालणाऱ्या कुणालाही ही कथा माहीत असते.

तो मुलगा आज माझ्या दवाखान्यात आणला असता तर मी चिठ्ठीवर लिहिलं असतं : इतरांना न दिसणारी व्यक्ती दिसते, घर सोडून जातो, जिवाला धोका. तिन्ही नोंदी बरोबर ठरल्या असत्या, आणि सिद्धराम तरीही त्या चिठ्ठीत मावला नसता. हे मी मान्य करतो. तुम्ही मात्र त्या कथेतल्या कड्याकडे बघा. दर्शन खरं होतं असं तुम्ही मानता, मी वाद घालत नाही. तरी कड्यावर हात धरावाच लागला. भक्ती पक्की आहे म्हणून देवानेसुद्धा पोराला उडी मारू दिली नाही.

आता देवळात माणसं बरी होतात का, हा प्रश्न. काही होतात. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या एका मंदिराचा अभ्यास छापला. तिथे राहायला आलेल्या ३१ जणांची लक्षणं त्यांनी येताना आणि जाताना मोजली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, होता. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. औषध नाही, झाडफूक नाही, खास विधीही नाही. सकाळी छोटी पूजा, आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं, घरचं एक माणूस सोबत. जाताना लक्षणं जवळजवळ वीस टक्क्यांनी उतरलेली होती. काही औषधांनी पडतो तेवढा हा फरक आहे, असं त्या डॉक्टरांनीच लिहिलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तरी मला त्यातून एवढं दिसतं : कुणी हिडीसफिडीस न करणारी जागा, हाताला काम आणि जवळ आपलं माणूस, यानेही मेंदूच्या आजाराला उतार पडतो. सिव्हिलच्या ओपीडीत आम्हाला हे देता येत नाही. तुम्हाला येतं.

वीडा स्कुल्टान्स या ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात जाऊन पाहिलं. तिथे आजारी माणूस गप्प बसलेला आणि त्याची आई किंवा बायको घुमतेय, असं त्यांना दिसलं. घरावर आलेलं बायका आपल्या अंगावर घेत होत्या. मी हे वाचल्यापासून पेशंटला सोडून आधी त्याच्या आईला विचारतो, 'तुम्ही झोपता का हो रात्री?' निम्म्या वेळा चिठ्ठी तिच्याच नावाने लिहावी लागते.

तान्या लुरमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणच्या कानात आवाज येणाऱ्या प्रत्येकी वीस रुग्णांना ते आवाज काय बोलतात हे विचारलं. अमेरिकेतल्यांचे आवाज बहुतांशी मारण्या-कापण्याचं बोलत. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नात्यातल्या माणसांचे आवाज यायचे, वडीलधारं माणूस बोलावं तसे, घरकामाला लावणारे, रागावणारे. आजार तोच, पण त्याचा सूर आजूबाजूच्या माणसांप्रमाणे बदलतो. म्हणून तुमच्या तोंडचा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कानात बोलणारी पोरीची आजी आहे, तिची काहीतरी इच्छा राहिलीय, असं तुम्ही म्हणालात तर घर एका तऱ्हेने वागतं. हडळ आहे, घेऊन जाईल, असं म्हणालात तर दुसऱ्या तऱ्हेने. दुसऱ्या घरातली पोर मग रात्री दाराची कडी काढून बाहेर पळते.

इथपर्यंत आपलं जमलं असेल असं धरतो. आता जिथे जमत नाही तिकडे वळतो.

'देवाचं घेतोस ना, मग डॉक्टरचं सोड.' हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की ते एका ठिकाणचं नाही, हे मला माहीत आहे. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे माणूस चक्क सुधारतो. गोळीची सुस्ती जाते, हाताचा कंप थांबतो, बाईची थांबलेली पाळी सुरू होते, चेहऱ्यावर तेज येतं. घरचे म्हणतात, बघा, देवाने गुण दिला. आधीच्या गोळ्यांचा परिणाम शरीरात आणि मेंदूत रेंगाळत असतो, म्हणून आजार लगेच उसळत नाही. कधी दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी उसळतो. तोवर गोळी कधी सोडली होती हे कुणाला आठवत नाही, आणि नाव पडतं, 'पुन्हा बाधा झाली'. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्किझोफ्रेनियाच्या औषधांच्या ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, औषधाच्या जागी औषध नसलेली साधी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. औषध घेऊनही काहींचा उलटतो, हे त्यातच आलं. पण दुपटीहून जास्त अंतर आहे.

गोळी बंद करायला न सांगताही धोका होऊ शकतो, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. लिथियम नावाचं एक औषध असतं, कधी अतिउत्साह आणि कधी खोल उदासी येणाऱ्या आजारावर. ते साधं क्षारच आहे आणि शरीरात मिठाशी त्याचा हिशेब जोडलेला असतो. तुम्ही अशा माणसाला अळणी खायला सांगितलंत किंवा त्याने निर्जळी उपास धरला, तर रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं, बाधा बाहेर पडतेय. खरं तर ती विषबाधा असते. तसंच जागरणाचं. ज्याला फिट येते आणि ज्याला हा अतिउत्साहाचा आजार आहे, त्या दोघांनाही सलग रात्री जागवणं म्हणजे झटक्याला निमंत्रण. गोंधळाला त्यांनी जरूर बसावं, पण दहा वाजता झोपायला पाठवा. उपास धरायचाच असला तर पाणी आणि मीठ सोडू देऊ नका. देवी रागावणार नाही, एवढं तुम्ही तिच्या वतीने सांगू शकता. मी सांगून उपयोग नाही.

दारूचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपला जिल्हा पंढरपूरचा आहे. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती माळ पुष्कळांची टिकते. आमच्याकडे तितकं खात्रीचं दुसरं काही आहे असा दावा मी करणार नाही. पण वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून पिणाऱ्या माणसाने आज माळ घातली आणि आजच पूर्ण बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाम फुटतो, सगळं अंग थरथरतं, भिंतीवर साप-किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. घरचे म्हणतात, देव परीक्षा बघतोय. आमच्या भाषेत हा डिलिरियम आहे आणि उपचार नसले तर माणूस मरू शकतो. दवाखान्यात ठेवून झोपेची औषधं, सलाइन आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली की बहुतेक जण आठवड्याभरात शुद्धीवर येतात. तेव्हा रोज पिणारा माणूस माळ घ्यायला आला, तर माळ घालाच. फक्त त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे पाठवा.

बाळंतिणीबद्दल मात्र थांबू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात हजारातल्या एक-दोन बायकांची झोप अचानक उडते, बडबड वाढते, बाळ आपलं नाही, बदललंय, त्याच्यात काहीतरी शिरलंय असं त्या म्हणू लागतात. सटवीचं, पाचवीचं असं म्हणून त्यांना अंगारा लावून घरी पाठवलं जातं. ही तासातासाची गोष्ट आहे. आई स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करू शकते. उपचाराला हा आजार फार चांगली साथ देतो, काही आठवड्यांत ती बाई आपल्या बाळाला मांडीवर घेऊन बसते.

ताप आणि बडबड एकत्र असेल, फिट येत असेल, तरुण पोर चार-आठ दिवसांत ओळखू न येण्याइतकी बदलली असेल, तोंड वेडंवाकडं करत असेल, किंचाळून मग एकदम मुकी झाली असेल, तर मेंदूला सूज असू शकते. २००७ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका आजाराचं मूळ शोधलं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते, जास्त करून तरुण मुलींमध्ये, कधी बीजकोशातल्या गाठीमुळे. त्याआधी जगभर अशा मुली वेड्यांच्या इस्पितळात तरी जात किंवा मांत्रिकाकडे तरी. अशी मुलगी समोर आली तर 'हिच्यातून दुसरंच कुणी बोलतंय' असं मलाही क्षणभर वाटेल. पण वेळेत इंजेक्शनं मिळाली तर यातल्या बहुतेक मुली सुधारतात. जो माणूस खाणंपिणं आणि बोलणं सोडून एका जागी दगडासारखा बसलाय, तोही याच रांगेत. आणि 'मर' म्हणणारे आवाज ज्याच्या कानात येतात, तो आरती संपेपर्यंतसुद्धा थांबू शकत नाही.

नव्याने लग्न झालेल्या मुलींचा एक प्रकार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेला असेल. एरवी सासरी शब्द न काढणारी मुलगी, अंगात आलं की सासूला अरे-तुरे करते आणि सासू पाया पडते. ते नाटक नसतं, तिला स्वतःला पुढे ते आठवतही नाही. मनाला दुसरी वाट नसली की ते अशी वाट काढतं. झाड धरलंय का, कुणाचं भूत आहे, हे तिला विचारता, तसं घरात कोण हात उचलतं हेही बाजूला घेऊन एकदा विचारा. तुम्हाला ती सांगेल. नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, म्हणून मला सांगत नाही.

साखळदंडाबद्दल थोडक्यात लिहितो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ जण जळून मेले. त्यांना पळता आलं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्यात वारी, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्यातले बहुतेक असलं काही करत नाहीत. जे करतात त्यांना हे पत्र वाचून फरक पडेल अशी माझी आशा नाही, त्यांच्यासाठी पोलीस आहेत.

आता आमच्या बाजूचं. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. जे आहेत त्यांच्या दारात एवढी गर्दी, की पेशंटला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. गोळीने वजन वाढेल, जबडा आखडेल, पाळी थांबेल, हे आम्ही आधी सांगत नाही, आणि मग तुम्ही 'सोड' म्हणता तेव्हा तो खुशीने सोडतो. 'कुठल्या देवाला जाऊन आलात?' हा प्रश्न विचारला तरी तो उपहासाने. आपल्याकडे अजून 'येरवड्याला टाकीन' ही धमकी चालते, पुण्यातल्या मनोरुग्णालयाच्या भीतीने. मनाच्या डॉक्टरकडे नुसतं जाणं एवढं लाजिरवाणं करून ठेवलंय, की गाणगापूरची गाडी पकडणं कुणालाही सोपं वाटावं. ध्यान-साधना शिबिरं भरवणाऱ्यांनीही यातलं थोडं ऐकावं. दिवसचे दिवस मौन आणि ध्यान केल्यावर भीती, भास, झोप उडणं असे त्रास काहींना होतात, हे २०१७ साली अमेरिकेत साधकांच्याच मुलाखतींतून प्रसिद्ध झालं आहे. त्यालाही कुणी कुंडलिनी म्हणेल. असेलही. पण रात्रभर झोप न आलेल्या कुंडलिनीवाल्यालाही झोपेची गरज असतेच.

ही सांगड नवी नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाने कित्येक वर्षं मानसोपचारतज्ज्ञ बसतात. मुजावर दुआ देतात आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला शेजारच्या खोलीत पाठवतात. तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलमच्या विष्णुमंदिरात रुग्ण मंडलभर, म्हणजे ४८ दिवस राहतात. पूजा, तीर्थ आणि डॉक्टरची गोळी तिन्ही घेतात, आणि मंदिराशी जोडलेल्या त्या केंद्राला सरकारी परवाना आहे. त्यामुळे मंदिराचं माहात्म्य उणं झालेलं नाही. तुकाराम महाराजांनी तर विठ्ठलालाच पंढरीचं भूत म्हटलं, जे धरलं की सोडत नाही. ज्या परंपरेला एवढा धीटपणा जमला, तिला आवारातल्या एका डॉक्टरची अडचण होऊ नये.

तुमच्याकडे गर्दीचे दिवस ठरलेले आहेत. देवीचे मंगळवार-शुक्रवार, दत्ताचा आणि दर्ग्याचा गुरुवार, पौर्णिमा, अमावास्या. यातला महिन्याचा एक दिवस निवडा. जागा भक्तनिवासातली चालेल, फक्त दाराला पडदा हवा आणि आतलं बाहेर ऐकू जाता कामा नये. पाटीवर मनोरुग्ण हा शब्द नको. 'झोप, काळजी, फिट, डोक्याचे विकार : मोफत सल्ला' एवढं मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लिहिलं की पुरे. डॉक्टर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मागता येतील. मागणी देवस्थानाच्या लेटरहेडवर गेली तर माझ्या अर्जापेक्षा लवकर हलेल, हे तुम्हीही जाणता. देणगीपेटी, दक्षिणा, मानपान यांच्याशी त्या खोलीचा संबंध नसेल. डॉक्टर तुमच्या विधीवर बोलणार नाही आणि तुम्ही त्याच्या गोळीवर बोलायचं नाही, एवढा करार. पहिले दोन-तीन महिने कुणी येणार नाही. मग एखादी आराधीण आपल्या सुनेला घेऊन येईल आणि तिच्यामागून बाकीच्या.

रोगनिदान करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. 'देवाचं कर आणि गोळी चालू ठेव' एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं की माझ्या वर्षभराच्या बडबडीचं काम होतं. आणि अंगारा तुम्ही कागदाच्या पुडीत बांधून देता, त्या कागदावर १४४१६ हा नंबर छापून घ्या. केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, रात्री-अपरात्री कधीही लावता येते, पैसे पडत नाहीत आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. छपाईचा खर्च मी आणि पूर्व भागातले माझे दोन-चार डॉक्टर मित्र उचलू. नवरात्राच्या पुड्या बांधायला घेण्याआधी कळवावं, म्हणजे कागद वेळेत पोचवता येईल.

आपला,
पूर्व भागातला एक फॅमिली डॉक्टर, सोलापूर

प्रत माहितीसाठी : जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर